गावाची आगोट

सावरकोंडच्या डोंगरावरची झाडं बुडाशी वाकडी का, हे कोडं केतकीला उन्हाळ्याच्या सुट्टीत पडलं.

एखादं झाड वाकडं असतं तर तिने लक्षही दिलं नसतं. पण वरच्या वाडीमागच्या उतारावर ऐन, किंजळ, जांभूळ, सगळ्यांची तीच तऱ्हा. बुंधा जमिनीतून निघताना उताराच्या बाजूला झुकलेला आणि मग कोपरातून हात वळवावा तसा वळून सरळ आभाळाकडे गेलेला.

"आबा, यांना कुणी वाकवलं?" तिने आजोबांना विचारलं.

"मी लहान होतो तेव्हापासून अशीच आहेत," आबा म्हणाले आणि म्हशीच्या पाठीवर पाणी ओतू लागले.

केतकीची आई, शुभदा, सावरकोंडची सरपंच होती. बाबा जहाजावर नोकरीला, त्यामुळे वरच्या वाडीतल्या घरात आई, आबा आणि केतकी असे तिघेच. त्याच आठवड्यात आईने तालुक्याहून एका पाहुण्याला बोलावून आणलं. ते होते भूवैज्ञानिक (जमीन आणि खडकांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ) मुकादम सर. सरांच्या खांद्याला एक डबा लटकत होता आणि डब्यात वेटोळं घालून बसला होता एक रोबो. हातभर लांब, अंगठ्याएवढा जाड, अंगावर रबरी वळ्या.

"अय्या, गांडूळ!" केतकी ओरडली.

"नमस्कार," रोबो बारीक आवाजात म्हणाला. "माझं नाव अजून ठेवलेलं नाही."

केतकीने तिथल्या तिथे त्याचं बारसं केलं. गांडोबा.

गांडोबाचं काम मातीत शिरायचं आणि आतली खबर बाहेर सांगायची. तो डोंगरात दिसेनासा झाला आणि चार दिवसांनी सरांच्या हातातल्या यंत्रातून बोलू लागला. "वरची माती खालच्या खडकावरून सरकते आहे. फार हळू. नख वाढतं त्याहूनही हळू."

सरांनी केतकीला त्या उताराकडे नेलं. "तुझं कोडं आता तूच सोडव. माती खाली सरकतेय. झाड तिच्यातच उभं आहे. काय होईल?"

केतकी विचार करू लागली. "झाड कलेल."

"आणि झाडाला तर उजेड हवा असतो."

"म्हणून ते पुन्हा वर वळतं! माती पुन्हा ओढते, ते पुन्हा वळतं..." ती त्या जांभळीच्या बुंध्यावरून हात फिरवत राहिली. एवढी वर्षं हे झाड नुसतं सावरत आलंय, असं तिच्या मनात आलं.

"याला मृदासर्पण म्हणतात," सर म्हणाले. "(सर्पण म्हणजे सरपटणं. माती उतारावरून सावकाश सरपटते.) सावकाश आहे तोवर भीती नाही. पण खूप पाऊस पडला की तीच माती एका दमात खाली येऊ शकते."

"पाण्याने तर माती चिकटते ना?"

घरी आल्यावर सरांनी एक परात मागून घेतली. तिच्यात कोरड्या मातीचा ढीग केला आणि परात एका बाजूने उचलली. माती भुरभुरली. मग केतकीला थोडं पाणी शिंपडायला लावलं. आता ढीग घट्ट बसला, परात कलली तरी हलेना.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" केतकी म्हणाली.

"ओतत राहा."

तिने तांब्या रिकामा केला. ढीग आधी फुगल्यासारखा झाला, मग त्याचा काठ सुटला आणि सगळा चिखल पचकन आबांच्या पायावर आला.

"मातीचे कण एकमेकांना घासून, धरून असतात," सर हसू आवरत म्हणाले. "ते घर्षण म्हणजे कणांनी एकमेकांचे धरलेले हात. थोडं पाणी हात घट्ट करतं. पण कणांमधल्या सगळ्या फटी पाण्याने भरल्या, की पाणी कणांना दूर ढकलू लागतं. त्या दाबाला छिद्रदाब म्हणतात (छिद्रांत, म्हणजे फटींत, साठलेल्या पाण्याचा दाब). तो वाढला की हात सुटतात. गांडोबा आत बसून तोच मोजणार आहे."

"मग डोंगर पडू नये म्हणून काय करायचं?"

"उतारावर चर खणून पाणी बाजूला काढता येतं. त्याने धोका कमी होतो. पण नाहीसा होईल, असं मी म्हणणार नाही. डोंगर सरकणं निसर्गाच्या हातात आहे, केतकी. तो सरकेल तेव्हा त्याच्या वाटेत कोण असेल, हे मात्र बरंचसं आपल्या हातात असतं."

पुढच्या ग्रामसभेत आईने भिंतीवर गावाचा नकाशा लावला. धोक्याची जागा लाल, सुरक्षित जागा हिरवी. वरची वाडी सगळी लाल होती, तिचं स्वतःचं घरही.

"पावसाळ्याआधी आपण घराची आगोट करतो," आई म्हणाली. "सुकी मासळी, लाकूडफाटा, तांदूळ, पापड, सगळं भरून ठेवतो. पाऊस सुरू झाल्यावर धावत नाही. तशी गावाचीही आगोट करायला हवी आणि ती ग्रामपंचायतीने करायची. सड्यावर (कातळाच्या सपाट पठारावर) पक्की शाळा बांधून झाली आहे. चर खणायला घेतलेत. गांडोबाने इशारा दिला की वरच्या वाडीने सड्यावर जायचं. डोंगर पडायची वाट पाहायची नाही."

सगळे माना डोलावत होते. तेवढ्यात आबा उठले. "मी येणार नाही," एवढंच म्हणाले आणि चालू लागले.

सभेत कुजबुज झाली. ज्या सरपंचाचा सासराच ऐकत नाही, तिचं गाव कसं ऐकणार? आईचा चेहरा उतरला, पण तिने बोलणं पुरं केलं.

केतकी आबांच्या मागे गेली. ते गोठ्यात होते. म्हैस, गाय आणि गायीचं नुकतं जन्मलेलं वासरू, तिघांच्या मधोमध बसलेले.

"आबा, तुम्हाला सरांचं पटत नाही का?"

"पटतं की. परातीतला चिखल माझ्याच पायावर आला ना?" आबांनी वासराची मान खाजवली. "पण तुझ्या आईच्या नकाशात यांना जागा कुठे आहे? माणूस पळून जातो. जनावर दाव्याला बांधलेलं असतं, ते कुठे पळेल? हंबरत राहील. ते हंबरणं ऐकत मला शाळेत बसवणार नाही."

केतकी धावतच परत आली. सभा पांगली होती, आई एकटीच नकाशाची गुंडाळी करत होती. आबांचं बोलणं ऐकून ती मटकन खुर्चीवर बसली.

"आम्ही माणसांचा विचार केला," ती म्हणाली. "माणसांचा जीव कशात अडकलाय, हे कुणाला विचारलंच नाही."

त्या संध्याकाळपासून आई आणि केतकी घरोघर फिरल्या. एकच प्रश्न विचारायचा. घर सोडून निघायचं झालं, तर पाय कशामुळे अडेल? कुणी शेळ्या म्हणालं, कुणी देवघरातले देव. बाळाभाऊंच्या आई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना चढावरून न्यायचं कसं? एका मावशींनी अंड्यांवर बसलेली कोंबडी दाखवली आणि स्वतःच लाजल्या. आई हसली नाही. तिने कोंबडीसाठी टोपली सांगून ठेवली.

आराखडा (आधीच ठरवलेल्या कामांचा आखलेला बेत) बदलला. शाळेच्या मागे लांब गोठा उभा राहिला, गुरं चढू शकतील अशी रुंद पायवाट झाली, आजारी माणसांसाठी चाकांची खाट आली. मग रंगीत तालीम झाली. भोंगा वाजला, की सगळ्यांनी खरंच सड्यावर जायचं. आबा वासराला उचलून घेऊन आले.

"सूनबाई," गोठा निरखून पाहत ते म्हणाले, "गव्हाण जरा उंच झालीय. पण चालेल."

मुकादम सर आपलं यंत्र आईकडे सोपवून तालुक्याला परत गेले. आषाढात पावसाने धरलं ते सोडेना. एका दुपारी भोंगा वाजला आणि वाडी सड्यावर गेली. दोन रात्री काढल्या. डोंगर हलला नाही. पाऊस ओसरला, छिद्रदाब उतरला, सगळे परत आले.

बाळाभाऊ चिडले होते. "तुमचा गांडोबा भित्रा आहे. उगाच सगळ्यांना पळवलं!"

"भित्राच आहे मी," यंत्रातून गांडोबा म्हणाला. "डोंगर नक्की कधी पडेल, हे मला कळत नाही. धोका किती वाढलाय, तेवढं कळतं. मी उगाच घाबरलो तर तुमच्या दोन रात्री जातात. मी उगाच धीट राहिलो तर..."

बाळाभाऊ पुटपुटत निघून गेले.

त्या रात्री केतकीने आईला विचारलं, "इशारा जरा उशिरा दिला तर? लोक कमी रागावतील."

"रागावलेली माणसं मला चालतील," आई म्हणाली. "समोर असायला हवीत, बस."

श्रावणात पुन्हा तसाच पाऊस आला. सकाळी भोंगा वाजला, तेव्हा वाडीतली दारं लवकर उघडेनात. आई पायवाटेवर भिजत उभी होती. या वेळी कुणी आलंच नाही तर?

तेवढ्यात गळ्यातल्या घंटांचा आवाज आला. आबा म्हशीला आणि गायीला घेऊन निघाले होते, वासरू मागे उड्या मारत होतं. जाता जाता ते प्रत्येक दारात थांबत होते. "चला रे. मी म्हातारा निघालो, तुम्हाला काय झालं?" बाळाभाऊंच्या दारात ते जरा जास्त वेळ थांबले. "तुझ्या आईची खाट मी धरतो एका बाजूने. रागाचं काय ते वर जाऊन बोलू."

एकेक दार उघडलं. चाकांची खाट निघाली, शेळ्या निघाल्या, टोपलीतली कोंबडीही.

दुपारच्या जेवणाची भांडी अजून घासायची होती. आईजवळच्या यंत्रातून गांडोबा अचानक म्हणाला, "खालची माती सुटली. केतकी, सगळे वर आहेत ना?"

"हो! तू बाहेर ये!"

"मी फार खोल आहे," गांडोबा म्हणाला आणि यंत्र गप्प झालं.

मग आवाज आला. ढगांच्या गडगडाटासारखा, पण पायाखालून येणारा. पावसाच्या पडद्याआड डोंगराची कूस झाडांसकट खाली आली, आणि लाल चिखल थांबला तेव्हा वरच्या वाडीतली अर्धी घरं दिसत नव्हती. आबांचं घर त्यातच होतं.

आईने वाडीतली नावं पुकारायला सुरुवात केली. एकेक नाव आणि एकेक "ओ". बाळाभाऊंनी आपली आणि आईची, दोघांची ओ दिली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. शेवटचं नाव झालं. एकही हाक रिकामी गेली नव्हती.

आबा गोठ्याच्या खांबाला टेकून खाली पाहत होते. आई त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"घर गेलं, सूनबाई."

"हो, आबा."

"माझ्या वडिलांनी बांधलं होतं." मग त्यांनी सुनेच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, तू आज सगळं गाव राखलंस."

केतकी दोघांच्या मधे शिरली. तिला गांडोबासाठी रडू येत होतं आणि ते कुणाला सांगावं हे कळत नव्हतं. पण मुकादम सरांनी आल्याबरोबर ते ओळखलं. "त्याने पाठवलेली शेवटची मोजमापं माझ्याकडे आहेत," ते तिच्याशेजारी बसत म्हणाले. "माती सुटण्याआधी आत काय काय घडतं, हे इतक्या जवळून क्वचितच मोजायला मिळतं. त्यावरून पुढचे रोबो शिकतील. ते कदाचित आणखी आधी सांगू शकतील."

"सर, मी मोठी होईपर्यंत डोंगर पडायचे थांबतील?"

"नाही. डोंगर पडतील, नद्या फुगतील, वादळं येतील."

केतकीने सड्यावर पाहिलं. चूल पेटली होती, कुणीतरी बाळाभाऊंच्या आईला पेज भरवत होतं, पोरं वासराच्या मागे पळत होती. "पण म्हणून दरवेळी माणसं मरायलाच हवीत असं नाही," ती हळूच म्हणाली. "आधी विचार करून ठेवला तर."

"बस," सर म्हणाले. "एवढंच तर मी शिकवत फिरतो."

दिवाळीनंतर सड्याच्या पलीकडच्या माळावर वरच्या वाडीच्या नव्या घरांचे पाये खणायला सुरुवात झाली. एके दिवशी नदीकाठच्या एका गावाचे सरपंच आईला भेटायला आले. त्यांच्याकडे दरवर्षी पूर येतो आणि काही माणसं घर सोडायला तयारच होत नाहीत. आमच्याकडे येऊन काही सांगाल का, असं ते विचारत होते.

"मी येईन," आई म्हणाली. "पण आधी या दोघांना न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी स्वच्छ टोपी घातली आणि केतकीने वेणी घट्ट बांधली. नदीकाठच्या पहिल्याच घरात एक आजी दार अडवून बसल्या होत्या. आबा त्यांच्यासमोर ओट्यावर टेकले, पाणी मागून प्यायले. केतकी आजींच्या शेजारी बसली आणि तिने विचारलं, "आजी, तुमचा पाय कशात अडकलाय?"

आजींनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग दारातून जरा बाजूला सरकून त्या म्हणाल्या, "आत ये, दाखवते."