चोविसानंतरचा चेंडू

मशीन मीच निवडलं. हे आधीच सांगून टाकते, कारण घरात अजून कोणी मला दोष दिलेला नाही.

देवयानी सोळा वर्षांची, माझी एकुलती एक. मुलींच्या संघाची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती आणि आत येणाऱ्या चेंडूला तिची बॅट दर वेळी उशिरा पोचायची. कोच म्हणाले, छोट्या चेंडूंचं बॉलिंग मशीन घ्या. लिंबाएवढे प्लास्टिकचे चेंडू, बारीक बॅट, घरच्या घरी सराव. मी फिजिक्स शिकवते, दुकानदाराच्या तोंडच्या कौतुकाला भुलत नाही. चंदीगडच्या सेक्टर सत्तेचाळीसमधल्या आमच्या मागच्या अंगणात जेमतेम बारा पावलं जागा. पंचकुल्यात पाहिलेलं चाकांचं मशीन एवढ्याशा जागेत अंगावरच आलं असतं. स्प्रिंगवालं तर मनाला येईल तिकडे चेंडू फेकायचं.

तेवढ्यात अहिल्याताईंची बदली आली. त्यांचे यजमान आणि माझा नवरा शशिकांत, दोघंही हवाई दलात. आमच्यात बदली आली की अर्धं घर दुसऱ्याच्या घरी जातं. कूलर, कुंड्या, सायकली. का देताय, असं कोणी विचारत नाही. ताईंनी त्यांच्याकडचं छोट्या चेंडूंचं मशीन देऊ केलं, तेव्हा मीही विचारलं नाही.

"ईश्वरीला नको का आता?" एवढंच म्हटलं. ईश्वरी त्यांची मुलगी.

"तिनं खेळ सोडला," ताई ट्रंकेला कुलूप लावत म्हणाल्या. "घेऊन जा, सुमेधा. आजच ने."

घरी आणून मी मशीनची रीतसर परीक्षा घेतली. भिंतीवर खडूनं खूण केली, चोवीस चेंडू भरले. दर आठ सेकंदांनी एक, आणि चोवीसच्या चोवीस एका विटेच्या आत. मी खूश झाले.

चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता स्वयंपाकघरात चहा ठेवताना मी नकळत मोजत होते. बॅटचा आवाज, टक्. बावीस, तेवीस, चोवीस.

पंचवीस.

एखादा चेंडू जास्त भरला असेल. सव्वीसला मी बाहेर आले. मशीन रिकामं होतं, दिवा विझलेला. देवयानी स्टान्स घेऊन उभी. मी प्लग काढला. आठ सेकंदांनी तिनं फटका मारला, टक् झालं, आणि मागची जाळी फुगून परत खाली आली.

"देवू, काय खेळतेयस?"

"मम्मा, ये वाले ज़्यादा अच्छे हैं."

"कोणते?"

"बाद वाले."

मी सगळं अंगण शोधलं. चोवीस चेंडू सापडले.

त्याच दिवशी मशीन उचलून माळ्यावर टाकायला हवं होतं. पण तिची बॅट पहिल्यांदाच वेळेवर येत होती. मला ती निवड हवी होती, कदाचित तिच्याहून जास्त. मी शशिकांतला काही बोलले नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिनं मशीन सुरू करणंही सोडलं. अंगणातलं टक् मात्र चालूच राहिलं.

चाचणीच्या सकाळी ती सुरेख खेळली. आत येणारा प्रत्येक चेंडू बॅटच्या मधोमध. निवड समितीतले दोघं एकमेकांकडे बघून हसले.

षटक संपलं. अंपायर चेंडू हातात घेऊन चालू लागले. कव्हरला उभी असलेली मुलगी केस बांधत होती. देवयानी मात्र अजून स्टान्समध्ये, समोर मोकळी खेळपट्टी.

तिनं ड्राइव्ह मारला.

टक्.

कव्हरची मुलगी किंचाळून खाली बसली. मनगट धरून.

"क्या हुआ?" सगळे धावले.

"बॉल लगी," ती रडत म्हणाली.

अंपायरनी मूठ उघडून पाहिलं. चेंडू हातातच होता.

समितीतल्या एकानं कागदावर देवयानीच्या नावापुढे खूण केली. बाकावरून मला ती दिसली. खरं सांगते, मला आधी आनंदच झाला.

मग मी तिच्याकडे पाहिलं.

ती खेळपट्टीकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून उभी होती. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. गोलंदाजाच्या मागे कोणी उभं राहिलं की फलंदाज हात करतात ना, तसा हात करून ती मला बाजूला हो म्हणत होती.

माझ्या मागे फक्त भिंत होती.