सोड म्हणेपर्यंत

बसा न भौ. त्या टायरवर बसा, साफ हाय. तुमची चेन निरा गेली, नवी टाकावी लागन. उद्या सकाळी दुकान उघडलं की आणतो. आज गाडी इथंच राहू द्या. चहा घ्या, पण ग्लास तुम्ही स्वतःच उचला. माह्या उजव्या हातातून सध्या काही घेऊ नका.

मघापासून पाहून राह्यले न तुम्ही हाताकडं? पाहा, लाजायचं काय त्यात. मूठ मिटेल हाय, पण पूर्ण नाही. मधात एक दांडी मावंन एवढी जागा हाय. रोज संध्याकाळी अशी होते आन मग सुटते. डॉक्टरनं पाह्यलं, फोटो काढला, म्हणे काहीच नाही. सुटेपर्यंत सांगतो तुम्हाले. बोलत राह्यलो की बरं वाटते. बरं म्हणजे काय, काहीच नाही वाटत. पण बोलावं लागते.

अश्वजित माहा दोस्त, शाळंपासूनचा. त्याचे वडील गुलाबरावकाका एसटीत ड्रायव्हर होते. मी मलकापुरातच कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, पण उन्हाळ्यात जिनिंग बंद राहते, मग दिवसभर या टिनाखाली गाड्या दुरुस्त करतो. साखरखेर्ड्याहून अश्वजितनं एक जुनी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल आणली. गाडी कायची, भंगारच. दोघं मिळून तिले नवी करत होतो. टाकी मी ठोकून सरळ केली, निळा रंग त्यानं मारला. हँडल रुंद केलं, मागं जाड टायर टाकलं. मी म्हणायचो, "अबे, हे गाडी हाय का रणगाडा?" तो म्हणे, "तू पाना पकड बे, अक्कल नको लावू." डोक्याले नेहमी थंडा तेल चोपडलेलं राहे त्याच्या. टिनाखाली आला की कापरावाणी वास सुटे.

आता एक गोष्ट नीट ऐका, पुढं कामाची हाय. गाडीले डिस्क ब्रेक बसवला की त्याच्या पाइपातली हवा काढावी लागते. हवा राह्यली तर ब्रेक लागत नाही. हे काम दोघांचं हाय. एक जण खाली चाकाजवळ पाना घेऊन बसते, दुसरा वर हँडलवर ब्रेकचं लिवर धरते. खालचा म्हणते, "दाब." वरचा दाबते आन म्हणते, "धरलं." मग खालचा निप्पल, म्हणजे चाकाजवळचा हवा काढायचा बारका पेच, जरासक उघडते, तेल आन बुडबुडे बाहेर येतात, निप्पल बंद करते, आन म्हणते, "सोड." तवाच वरच्यानं सोडायचं. आधी सोडलं तर सगळी हवा परत आत जाते. म्हणून नेम हाय, वरचा आपल्या मनानं कधीच सोडत नाही.

अश्वजित तर एवढा पक्का, की एकदा लिवर धरलं असताना गांधीलमाशीनं त्याच्या मानेले डंख मारला. गडी डोळ्यातून पाणी गाळत उभा, पण बोटं नाही ढिली केली. मी सोड म्हटलं तवा कुठी नाचाले लागला. बोटं बधिर झाली की आम्ही पाळी बदलायचो. एकानं दुसऱ्याच्या हातावर हात ठेवायचा, ज्याचा हात खाली दबला त्यानं म्हणायचं, "आता तू धर," आन हळूच आपला हात काढून घ्यायचा. लिवर तसंच दाबेल राह्यलं पाहिजे.

गाडीचं सगळं झालं. फक्त पुढचा ब्रेक राह्यला होता. तवाच त्याले कावीळ झाली, पोटात उतरली आन माणूस गेला. पंधरवडा नाही लागला.

मी खांदा दिला. पुण्यानुमोदनाले गेलो, बुद्धविहारात मागं बसलो. सगळे रडले. मले रडू आलं नाही. छातीत हात घालून कोणी सगळं सुन्न करून ठेवलं, तसं होतं. जेवायचो, झोपायचो, नाजिश काही विचारे त्याले हाव म्हणायचो. नाजिश माही बायको. ती म्हणे, एकदा रडून घ्या. कुठून रडू?

मग गुलाबरावकाका आले मयुरीले घेऊन. मयुरी अश्वजितची लहान बहीण. तिले बुलडाण्याले एका लॅबमध्ये काम लागलं होतं. म्हणे, "मतीनभाऊ, मी दादाच्या गाडीनं जाईन. तेवढी तयार करून द्या." काका खाली पाहत होते. जाताना मले बाजूले घेऊन म्हणाले, "बाबू, राजूरचा घाट हाय रोजचा. येताना उतार. आता मले हेच एक लेकरू हाय. ब्रेक पाहजो."

एवढंच म्हणाले. ते मात्र त्या सुन्नपणातही टोचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ब्रेक घेतला. मे महिन्यातली दुपार, तुम्हाले माहीतच हाय. रस्त्यावर कुत्रं नाही. लाइट गेल्यामुळं पंखा बंद. नाजिश तिच्या मायकडं वरवट बकालले गेली होती. माणूस सोबतीले घ्यायचा होता, पण एवढ्या उन्हात कोणाले बोलावता? म्हटलं, तेल भरून ठेवू, बाकी संध्याकाळी पाहू. चाकाजवळ बसलो, निप्पलले पाना लावला, आन सवयीनं तोंडातून निघालं, "दाब."

"धरलं."

तुम्हाले खोटं वाटन, मी दचकलो नाही. एवढ्या वर्षांचा तो आवाज. मी निप्पल उघडलं, तेल आलं, बुडबुडे आले, बंद केलं. "सोड." वर लिवर सुटल्याचा टक् करून आवाज आला. "दाब." "धरलं." किती वेळा केलं, मले नाही सांगता येत. हात आपोआप चालत होते. कापराचा वास येत होता. रेल्वेची मालगाडी गेली. रोज ती गेली की हे टिन वाजतात, सगळे डबे हालतात. त्या दिवशी मालगाडीचा आवाज आला, टिन वाजलं नाही. डबे हालले नाही.

मग तेल साफ यायले लागलं, एक बुडबुडा नाही. मी निप्पल घट्ट केलं, आन हसलो. म्हटलं, "झालं बे, अश्वजित."

नाव घेतलं तवा समजलं मी कोणाशी बोलून राह्यलो.

वर पाह्यलं. कोणीच नव्हतं. लिवर मात्र पूर्ण दाबेल होतं, मुठीले टेकेल. त्याचं रबर चार जागी आत दबलं होतं, आन ते दाब जिवंत होते भौ... एखादं बोट जरासक सरकते न, तसे.

या अल्ला म्हणून मी पळालो. चप्पल नाही, डोक्यावर फडकं नाही, तसाच उन्हात. मशिदीच्या वट्ट्यावर जाऊन बसलो. तिथं ध्यानात आलं. घाईत मी "सोड" म्हटलंच नव्हतं.

परत आलो तवा दिवस कलला होता. लिवर तसंच. पुढचं चाक जाम. मी निप्पल उघडलं, पाइपातला सगळा दाब काढून टाकला. आता तर ब्रेकमध्ये काही दमच नाही राह्यला पाहिजे. तरी चाक हालंना, लिवर उठंना. पान्यानं उचकून पाह्यलं, पाना वाकला. निप्पल परत घट्ट केलं आन घरात गेलो. नाजिश परत आली तवा तिले सांगतलं, काम राह्यलं हाय.

काय करायचं ते मले माहीत होतं. एक शब्द म्हणायचा होता. पण तो म्हणायचा म्हणजे काय, समजा न. तो तिथं उभा होता. माहा दोस्त माह्या टिनाखाली होता. मी रोज सकाळी चहा घेऊन येऊन त्याच्यासमोर बसायचो. त्या दिवसांत पहिल्यांदा मले जरासं बरं वाटत होतं, लाज वाटते सांगायले.

मयुरीच्या कामाचा पहिला दिवस जवळ आला तशी ती गाडी न्यायले आली. मी टाळाटाळ केली. ती आत गेली, हँडलले हात लावला आन गपकन मागं घेतला. एवढ्या उन्हात टिनाखाली लोखंड पोळत होतं. ती म्हणे, "मतीनभाऊ... हे गार काऊन हाय?"

मग मी सगळं सांगतलं. वाटलं, पोट्टी ओरडन. ती ओरडली नाही.

"तुम्ही सोड नाही म्हटलं?"

"नाही."

"काऊन?"

"मग तो जाईन न, मयुरी."

"आन नाही म्हटलं तर?" तिचा आवाज फाटला. "मतीनभाऊ, किती दिवसापासून उभा हाय तो इथं? या भट्टीत? गांधीलमाशी चावली तवा नाही सोडलं त्यानं. तुम्ही म्हटल्याशिवाय तो जन्मभर नाही सोडणार. बोटं बधिर झाली असतील त्याची..."

तवा रडलो मी. निरा लेकरावाणी. ती पण रडली.

मग उठलो. म्हटलं, निदान हात तरी लावू. लिवरवर, त्या चार दाबांवर माही बोटं ठेवली. बर्फ. आन म्हटलं, "सोड."

लिवर नाही सुटलं. कानाजवळ, एवढं जवळ की मले वारा लागला, तो म्हणाला... "आता तू धर."

माह्या बोटांखालून एक हात निघून गेला. हात निघून जाणं कसं लागते ते मले माहीत हाय भौ, हजार वेळा बदलली आम्ही पाळी. मग लिवर सैल झालं, मी हात काढला, चाक फिरायले लागलं. बोटं मात्र मिटेलच राह्यली. मयुरीनं ऐकलं नव्हतं काहीच. ती डोळे पुसून म्हणे, "गेला दादा?" मी म्हटलं, "हाव."

तवापासून हे रोजचं हाय. सकाळी पोट्टी मलकापुराहून जाते, काही नाही होत. संध्याकाळी बुलडाण्याहून निघते, घाटाच्या तोंडाशी आली की माह्या कानात त्याचा आवाज येते, "दाब." आन बोटं मिटतात. ती उतार उतरेपर्यंत मिटेल. मग खालून, कुठूनतरी चाकाजवळून आल्यावाणी येते, "सोड." बोटं सुटतात. थोड्या वेळानं तिचा मोताळ्याहून फोन येते, "उतरली मतीनभाऊ." एका दिवशी चहाचा ग्लास माह्या मुठीत फुटला, एवढी कचकन मिटली. रात्री ती सांगते, वळणावर ट्रक अंगावर आला होता, गाडी हातभर अंतरावर थांबली, ब्रेक एवढा कसा लागला समजलं नाही. मी म्हटलं, ब्रेक चांगला हाय.

म्हणून मी हाताचं काही मनावर नाही घेत. पाळी हाय माही. धरतो. तो खाली हाय, मी वर हाय. सोड म्हणणं त्याचं काम, माहं नाही.

आज मात्र लय वेळ झाला. तुम्ही आले तवाची मिटेल हाय...

थांबा, तिचाच फोन हाय. जरा ते हिरवं दाबा, माह्यानं डाव्या हातानं जमत नाही. आवाज मोठा करा.

"मतीनभाऊ, आज मोताळ्याहून फोन करायचा राह्यला हो. घरीच पोचली मी, केव्हाचीच."

"घरी? ...केव्हाची?"

"हातपाय धुऊन चहा पण झाला. बाबा पण इथंच बसेल हायत."

"गाडी कुठी हाय?"

"अंगणात. काऊन?"

"चावी?"

"खुंटीले हाय... मतीनभाऊ, गाडीचा मागचा लाल लाइट लागून हाय. मी तर बंद केली होती. बाबा उठून चालले पाहायले..."

"मयुरी, बाबाले थांबव. दार लाव. दोघंही घरातच राहा, गाडीजवळ कोणी नका जाऊ."

"काऊन पण?"

"तुह्या दादाची शपथ हाय. मी म्हणेपर्यंत दार उघडू नको."

ठेवा भौ फोन. खाली ठेवा.

तो लाल लाइट ब्रेक धरला तरच लागते. पोट्टी घरी, गाडी उभी, घाट संपला. आन खालून सोड आलं नाही. अश्वजित उगाच कोणाले धरायले लावणारा माणूस नव्हता. काहीतरी यायचं बाकी हाय अजून त्यांच्या दाराशी, आन ते अडवायले मी धरून राह्यलो हाय. पाहा, नखं पांढरी पडली. दोनदा सांगतलं त्याले मनातल्या मनात, धरलं बे, धरलं. तो काही बोलत नाही.

नाही नाही, भौ. समजलं मले तुम्ही काय म्हणणार ते. माह्या भल्यासाठीच म्हणाल. पण तो शब्द तोंडातून काढू नका, हात जोडतो... एका हातानंच जोडतो. चूप बसा जरासक.