नावरस नावाचं मशीन

गोष्ट दोन हजार नऊची, गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटमधली. भरदुपार. विहंग झोळीत झोपला होता आणि त्याची आई, संपदा, घरूनच ऑफिसचं काम उरकत होती. तिने लिहिलेला प्रोग्रॅम क्लाउडवर मशिन्स उभी करायचा. म्हणजे दूर कुठल्यातरी सर्व्हरच्या पोटात चालणारे, खोकं नसलेले कॉम्प्युटर. आकडा द्यायचा, की एका साच्यावरून तेवढे तयार.

साच्याला दुसऱ्या कशाशी जुळणार नाही असं नाव हवं होतं. तिने विहंगचं नावरस नाव टाकलं. गुरुजींनी पत्रिकेवरून काढलेलं, कुणी उच्चारायचं नाही असं. इथेही ते लिहायला नको.

"अगं, ते नाव बाहेर फुटलं की वाईटावर असणाऱ्यांचं फावतं," सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

"आई, कॉम्प्युटर कुणावर करणी करतोय?" संपदा हसली होती. मग रात्रभर तिचा डोळा लागला नाही, ती गोष्ट वेगळी.

आज तिने चार मशिन्स मागितली. पाच आली.

पाचव्याला साच्याचंच नाव होतं. काम काही दिलं नव्हतं, तरी पडद्यावर त्याचा भार दाखवणारी रेघ हलत होती. वर, खाली. वर... खाली. आपलंच काहीतरी चुकलं असणार, हे तिचं नेहमीचं पहिलं मत. पण चूक सापडेना, आणि रेघेवरून नजरही हलेना.

झोळीची कडी कुरकुरली. तिने वळून पाहिलं. आठवडाभर कफाने भरलेली विहंगची छाती वर, खाली होत होती. श्वास मध्येच अडखळला.

पडद्यावरची रेघही अडखळली.

तेवढ्यात ऑफिसातून ललितचा फोन. "मॅडम, क्लायंट समोर बसलाय. एक मशीन जास्तीचं दिसतंय. उडवू?"

"नको... थांब जरा."

"का पण?"

"ललित, हात नको लावूस त्याला..."

"उडवलं की! तुम्ही पण ना, मॅडम..."

रेघ सपाट झाली. संपदा झोळीशी धावली. छाती हलत नव्हती. तिने नाकाखाली बोट धरलं. काहीच नाही. "विहंग..."

मग बोटाला ऊब लागली. त्याने डोळे उघडले आणि चक्क हसला. कफाची घरघरही नव्हती. संपदाने त्याला झोळीतून उचललं.

"मॅडम..." फोन चालूच होता. ललितचा आवाज खाली आला होता. "तुम्ही आत्ता नवीन मशीन काढलंत का?"

"नाही."

"याला नावच नाहीये."

विहंगला कडेवर घेऊन ती पडद्याशी आली. नवी रेघ पळत होती. बारीक, भरभर, घोड्याच्या टापांसारखी. असले ठोके तिने पूर्वी फक्त डॉक्टरांकडे ऐकले होते, विहंग पोटात असताना. तिचा मोकळा हात आपसूक पोटावर गेला.

"हेही उडवू का?" ललित विचारत होता.