एक खटका, एक ओळ

“मॅडम, आमच्या आज्याच्या जमिनीची उत्तर बाजू कुठं गेली?”

बजरंगनं कागद टेबलावर असा आपटला, की शेजारच्या कपातला चहा बशीत आला.

शनिवार होता, काष्टीचा बाजार फुल्ल भरलेला. बाहेर बैलांचे भाव, शेळ्यांचा कालवा, भोंग्यावर उंदराचं औषध विकणारा... आणि आत, विष्णुपंतांच्या जुन्या टायपिंग क्लासात, कॉम्प्युटरपुढं राजेश्वरी. जुन्या दस्ताची स्वच्छ टाइप केलेली नक्कल हवी असली, की सगळी काष्टी तिच्याकडं यायची. पाच वर्षांत तिच्या हातून एक वेलांटी इकडची तिकडं झाली नव्हती म्हणे. त्यामुळं तिनं मान वर केली तेव्हा तिच्या कपाळावरच्या आठीचा अर्थ बजरंगनं बरोबर लावला — हा कोण उपटसुंभ?

तिनं मूळ दस्त आणि आपली नक्कल शेजारी शेजारी धरली. बोट फिरवलं. आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

“पूर्वेची ओळ ‘यांची जमीन’वर संपते. उत्तरेचीपण ‘यांची जमीन’वरच संपते,” ती हळूच म्हणाली. “डोळा एकीवरून दुसरीवर घसरला... आणि एक ओळ गळाली.”

“डोळा घसरला तर घसरला वो. पन तीन बाजूंची जमीन घेऊन मी तलाठ्याकडं गेल्तो! सगळी चावडी हसली. म्हनले, बजरंग, उत्तरंला तुला हद्दच न्हाई, पार हिमालयापत्तोर ऊस लाव!”

तिनं हसू दाबायला ओठ मुडपले. आता खरं सांगायचं, तर गडी भांडायलाच आला होता. नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर टर्नर. आठवड्याला एक सुट्टी, शनिवारची, तीही असल्या कामात गेली म्हणून पेटलेला. पण ते ओठ मुडपणं बघितलं, आणि पेटलेलं सगळं फुस्स झालं.

“बसा. आत्ता नवीन करून देते,” ती म्हणाली. “पैसे नकोत.”

बजरंग बसला. आणि टर्नरच तो, बसल्या बसल्या हातांकडं बघायला लागला. दस्त उभा टेकवलेला, त्यावर लाकडी पट्टी. एक ओळ झाली की डावा हात कीबोर्ड सोडायचा, पट्टी खाली सरकवायचा, परत यायचा. एवढ्यात बाहेर बैल हंबरला, तिनं तिकडं बघितलं... आणि ओळ हरवली. परत शोध.

“ही पट्टी आपोआप सरकली तर?”

“भुतानं सरकवली तर सरकंल.”

“भूत न्हाई वो. टर्नर.”

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून खोकल्याचा आवाज आला. विष्णुपंत. क्लास बंद पडला, टाइपरायटर गंजले, पण खुर्ची सुटली नव्हती. “असं यंत्र पूर्वी मिळायचं हो. मुंबईला एका कचेरीत मी पाहिलंय. कागद रुळावर चढवायचा. खटका दाबला, की कागद बरोब्बर एक ओळ वर. एक खटका, एक ओळ! टायपिस्टची नजर आपली जागच्या जागी.”

बजरंगनं खिशातून व्हर्नियर काढला. आता सुट्टीच्या दिवशी कुणी व्हर्नियर खिशात घालून बाजाराला येतं का? पण हा आला होता. त्यानं आज्याच्या दस्तातल्या दोन ओळींतलं अंतर मोजलं. “साडेआठ मिलीमीटर.”

“सोनं मोजताय जणू,” राजेश्वरी म्हणाली.

“सोन्याला येवढं बारीक कोन मोजतंय, मॅडम?”

विष्णुपंतांनी एका मेलेल्या टाइपरायटरचा रबरी रूळ काढून दिला. “ह्या मशीनवर तीनशे पोरं पास झाली. नाव घालवू नका.”

पुढच्या शनिवारी यंत्र हजर. टाइपरायटरचा रूळ, सायकलच्या फ्रीव्हीलचं दातेरी चाक, त्यात अडकणारा खटका, आणि खाली शिलाई मशीनला असतं तसं पायाचं पॅडल. राजेश्वरीनं चप्पल काढून पाऊल ठेवलं. टक्! कागद एक ओळ वर. टक्! आणखी एक. दोन्ही हात कीबोर्डवर, नजर एका जागी. तिनं आख्खं पान टाइप करायला घेतलं ते शेवटालाच थांबली, आणि बजरंगकडं असं बघितलं, की त्याला वाटलं, ह्या एका बघण्यावर आपण साखर कारखानाही उभा करू.

मग तिनं दुसरा दस्त चढवला. तिसऱ्या खटक्याला ओळ अर्धीच वर आली.

“हिचं मुंडकंच उडालं,” ती म्हणाली.

“त्या कारकुनानंच दाटीवाटीनं लिवलंय!”

“तो बिचारा कधीच वारला, त्याला नका बोलू. प्रत्येक हाताची ओळ वेगळी असते. तुमच्या मशीनला एकच चाल येते.”

“मंग शिकवतो की दुसरी!”

तिसऱ्या शनिवारी आलं एक बटण. फिरवलं की एका खटक्यात चाकाचे किती दाते सरकायचे ते ठरायचं. दाट ओळ, मध्यम ओळ, ऐसपैस ओळ. चौथ्या शनिवारी छोटा दिवा. पाचव्या शनिवारी काहीच नाही, नुसती तेलाची कुपी.

“बजरंगराव,” विष्णुपंत म्हणाले, “एवढ्या वेळात ऊस लावून, तोडून, खोडवासुद्धा आला असता.”

“फिनिशिंग राह्यलंय, सर.”

“कुणाचं?”

राजेश्वरी कीबोर्डवरची नसलेली धूळ झटकायला लागली. मग बजरंग तेल द्यायला वाकला तशी हळूच म्हणाली, “आज हात फार स्वच्छ दिसतायत.”

“रॉकेलनं घासून आलो.”

“तरीच वास येतोय.”

“आवडला न्हाई व्हय?”

“मी कुठं तसं म्हणलं...”

त्यानं त्याच दात्याला तीनदा तेल दिलं.

“एक इचारू? दिसभर लोकांच्या जमिनी, वाटण्या, भांडनं टाइप करता. डोकं उठत न्हाई?”

“वाचतंय कोण? अक्षर डोळ्यातून येतं, बोटातून जातं. मधी डोक्यात थांबत नाही. थांबलं, की चूक झालीच समजा.”

आणि सहाव्या शनिवारी तिनं बातमी सांगितली. हसत सांगितली, हे आणखी वाईट.

“कोपरगावला एका शुगर फॅक्टरीत जुनं दप्तर टाइप करून घ्यायचंय. कायमची नोकरी! हा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी ते नमुन्याला वीस पानं पाठवणारेत. हाताची, जुनी, गिचमीड. त्यात एक ओळ गळाली नाही, तर नोकरी माझी.” तिनं यंत्रावर हात ठेवला. “आणि आता कशी गळंल? तुम्हीच सांगा.”

बजरंग ‘वा वा’ म्हणाला. जिल्हा म्हणायला एकच, पण काष्टी खालच्या टोकाला आणि कोपरगाव वरच्या. आपणच रूळ बसवला, आपणच दाते लावले, आपणच तेल घातलं... आणि गाडी निघाली कोपरगावला! ती चहा सांगायला दारात गेली, तेव्हा ह्यानं उगाच पॅडल दाबत बसायचं म्हणून दाबलं. टक्, टक्, टक्... आणि तिसाव्या का एकतिसाव्या दाबाला, टटक्. खटका निसटला. एकदम दोन ओळी गेल्या.

त्यानं वाकून बघितलं. खटक्याचं टोक झिजलं होतं.

ती चहा घेऊन आली. “काय झालं?”

“कुठं काय?” बजरंग म्हणाला.

बास, दोन शब्द! पण ते घेऊन तो नागापूरला गेला आणि आठवडाभर लेथवर उभा राहिला. डोक्यात एकच. काही करायचंच नाही. काही न करणं हा काय गुन्हा आहे? वीस पानांत एखादी ओळ गळंल. कोपरगाववाले नाही म्हणतील. दर शनिवारी ती तिथंच असंल, चप्पल काढून, पाऊल पॅडलवर... किती सोपं! मंगळवारी त्यानं एक शाफ्ट बिघडवला. बुधवारी दुसरा. सुपरवायझर म्हणाला, “बजरंग, लग्नबिग्न ठरलं का काय?”

गुरुवारी जेवायच्या सुट्टीत डबा उघडला आणि भाकरीऐवजी त्याला तिचं तोंड दिसलं. ओठ मुडपलेलं नव्हे. त्याच्याही आधीचं, चूक सापडली तेव्हाचं, कानापर्यंत लाल झालेलं. डबा तसाच बंद केला. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला जाऊन त्यानं पोलादाचा नवा खटका बनवला. असा कडक, की यंत्र मोडंल पण खटका निसटायचा नाही.

शनिवारी त्यानं तो बसवला. “जरा टाइट केलंय. एक पान टाकून टेस्ट करू.” आणि पिशवीतून एक दस्त काढला. जुन्या हिशोबाच्या वहीचा पिवळट कागद, बारीक गिचमीड हात. शुक्रवारी रूमवर बसून स्वतः लिहिलेला.

राजेश्वरीनं बटण ‘दाट’वर आणलं आणि सुरू केलं. टक्. टक्. टक्.

बजरंग समोर उभा. आता थांबंल... आता बघंल... तिच्या स्वतःच्या नावाची ओळ आली. टक्. गेली! तिच्या मोठ्या डोळ्यांबद्दलची ओळ आली. ते मोठे डोळे तिच्यावरून शांतपणे गेले. टक्. चाळीस ओळी बाईनं अशा टाइप केल्या, जणू कुणाच्या विहिरीची वाटणी चाललीय.

“छान चाललंय!” ती म्हणाली. “एकदापण निसटलं नाही.”

“...झालं?”

“झालं. आता रुजुवात.”

“काय वात?”

“रुजुवात,” विष्णुपंत खुर्चीतून म्हणाले. “नक्कल मुळाशी ताडून बघायची. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं नक्कल बघायची. मोठ्यानं, बजरंगराव! स्वल्पविराम, पूर्णविरामासकट.”

“सर, मला... चष्मा...”

“तुम्हाला चष्मा नाही.”

राजेश्वरी पेन्सिल घेऊन तयार. बजरंगनं कागद धरला.

“लिहून घेणार, स्वल्पविराम, राजेश्वरी...”

पेन्सिल थांबली.

“...वय सव्वीस, स्वल्पविराम, धंदा टायपिंग, राहणार काष्टी, पूर्णविराम.”

ती नक्कल बघत राहिली. स्वतःच्या बोटांनी टाइप केलेलं, स्वतःचं नाव. मग मान वर न करता म्हणाली, “पंचवीस.”

“आं?”

“वय पंचवीस आहे. पुढं वाचा.”

“लिहून देणार, स्वल्पविराम, बजरंग, वय एकोणतीस, धंदा टर्नर, राहणार काष्टी, हल्ली मुक्काम नागापूर, पूर्णविराम. कारणे लिहून देतो की...” त्यानं कागद तोंडापुढं धरला. “वर लिहिलेल्या बाईंचे डोळे, स्वल्पविराम, ज्यांनी आमची एक ओळ गाळली, स्वल्पविराम, त्या दिवसापासून मला झोप नाही, पूर्णविराम. यंत्र तिसऱ्याच शनिवारी पूर्ण झालं होतं, स्वल्पविराम, मी मुद्दाम लांबवलं, पूर्णविराम.”

“ते आम्हाला माहीत होतं,” विष्णुपंत म्हणाले.

“सर, तुम्ही रुजुवातीत बोलू नका,” राजेश्वरी म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या होत्या.

“मागच्या शनिवारी खटका निसटताना मी पाहिला, पूर्णविराम. सांगितला नाही, पूर्णविराम. तसाच ठेवला तर तुमची ओळ गळेल आणि तुम्ही इथंच राहाल, स्वल्पविराम, असा विचार केला...”

तिनं मान वर केली. डोळ्यात हसू नव्हतं. “किती दिवस केला?”

“सहा. शुक्रवारी नवा बनवला.”

“सहा दिवस माझी ओळ गळायची वाट बघत होता?”

“व्हय.”

बाहेर भोंगेवाला ओरडत होता. आत विष्णुपंतांनी खोकला आवरला.

“मग बदलला कशाला?”

“असं कागदात न्हाई...”

“कागदात नाही ते सांगा.”

“तुमचं तोंड आठवलं. ती चूक सापडली तवाचं. परत तसं झालेलं मला बघवलं नसतं. कोपरगावला गेल्या तर जावा, पन तसं नको.” आणि मग घाईघाईनं, “पूर्णविराम.”

तिनं पेन्सिलनं समासात ‘बरोबर’ची एक बारीक खूण केली. “राहिलेलं वाचा.”

“तुम्ही कोपरगावला जाल, स्वल्पविराम, मी इथंच काष्टीत राहीन, पूर्णविराम. तुम्हाला माझं काही वाटत असेल तर...” पुढचं नीट ऐकू आलं नाही, पण तिच्या हातात नक्कल होती, ते बरं झालं. “...हे लिहून दिलं, पूर्णविराम.”

राजेश्वरीनं नक्कल खाली ठेवली. “टायपिंगची चूक एकपण नाही. मूळ प्रतीत एक आहे.”

“वय ना? करतो पंचवीस...”

“ते असू दे. वर लिहिलंय, हल्ली मुक्काम नागापूर. खाली लिहिलंय, मी इथंच काष्टीत राहीन. एका दस्तात दोन पत्ते कसे?”

बजरंग कागदाकडं बघत उभा. लेथवर हजारांशाचा हिशोब करणारा गडी, पण ह्या हिशोबाला त्याला वेळ लागला. नागापूर. नगरच्या वरच्या अंगाला. कोपरगावच्या... वाटेवर!

“म्हंजे... मी...”

“नागापूरवरनं दर शनिवारी खाली येता तसं वर यायचं. थोडं लांब पडंल. एसटी आहे.” तिनं पेन पुढं केलं. “दुरुस्त करा. मूळ प्रत ज्यानं लिहिली, त्यानंच दुरुस्त करायची असते.”

त्यानं ‘इथंच काष्टीत राहीन’ खोडलं, वर लिहिलं, ‘येत जाईन’. अक्षर बाजारातल्या शेळीसारखं चारीकडं पळालं.

“खाडाखोडीवर सही.”

त्यानं सही केली. तिनं पेन घेतलं आणि त्याच्या सहीला खेटून, अगदी एका ओळीत, आपली केली.

“आन् आईनं इचारलं, दर शनवारी कोपरगावला काय काढलंय, तर?”

“सांगा, मशीनला तेल घालायला चाललोय.”

“आई लई बेरकी हाय. म्हनंल, मशीन बघायला मीबी येते.”

“मग आणा की,” ती म्हणाली, आणि ह्या वेळी ओठ काही मुडपले नाहीत. हसली, चांगली खळखळून.

विष्णुपंत कागद बघायला उठले तोवर तिनं बजरंगच्या हातातली मूळ प्रत काढून घेतली, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकली. बजरंग भांबावला. “मॅडम, मूळ प्रत तर गिऱ्हाइकाला परत देत्यात ना?”

“देतात,” राजेश्वरी म्हणाली, आणि टाइप केलेला कागद त्याच्या हातात ठेवला. “तुम्ही नक्कल न्या.”