अर्जदाराशी नाते

“पाच वेळा थांबलात,” मागून आवाज आला.

ती दारात उभी. कडेवर पाच वर्षांची चिमणी, कोपरात अडकवलेला वॉकर, दातांत गाडीची किल्ली. पाऊस बारीक, पण चिकट. वळून बघते तर एक उंच माणूस... हातात दांडा, दांड्याच्या टोकाला रस्ता मोजायचं चाक.

तोंड रिकामं असतं तर तिने त्याला चांगलंच सुनावलं असतं.

“गाडीपासून दारापर्यंत एकशे बारा मीटर,” तो म्हणाला. “पालिकेतून आलोय. दारासमोर अपंगांसाठीची पार्किंगची जागा हवी, हा अर्ज तुमचाच ना?”

तिने मान हलवली. त्याने तळहात पुढे केला — तिने किल्ली त्यावर टाकली.

“मला चाक चालवायचंय,” चिमणी म्हणाली, आणि तेव्हापासून तो त्या घरात ‘चाकवाला’ झाला.

मग तो फोटोसाठी आला. मग एक शिक्का राहिला म्हणून आला.

“साहेब, तुमच्या ऑफिसात फोन नाही का?”

“आहे ना. पण फोनवर चहा मिळत नाही.”

“मी कुठे दिलाय अजून?”

“म्हणूनच तर पुन्हा यावं लागलं...”

ती हसली, आणि स्वतःच दचकली. चिमणीच्या आजाराचं नाव कळल्यावर तिचे बाबा नोकरीच्या निमित्ताने जे गेले, ते घटस्फोटाच्या कागदावर सही करण्यापुरतेच परतले. तेव्हापासून हसताना तिचं अर्धं लक्ष चिमणीच्या श्वासाकडे असायचं.

तपासणीचा दिवस आला. नियम साधा होता : मूल आधाराशिवाय दहापेक्षा जास्त पावलं चाललं, तर जागा नाही. चिमणीची धाव सहा पावलांपुढे कधी गेलीच नव्हती. काळजी नव्हती.

तो आत आला, चाक भिंतीला टेकवलं आणि चिमणीला बघून नेहमीसारखा गुडघ्यांवर बसला. हात पसरले. एवढंच. पण व्यायामाच्या ताईने महिनोन्महिने हेच शिकवलं होतं — हात पसरले की वॉकर सोडायचा आणि चालत जायचं.

चिमणीने वॉकर सोडला.

एक. दोन. सहा... सात. नऊ. दहा. ‘पड,’ आईच्या मनात आलं. अकरा. बारा.

चिमणी त्याच्या मिठीत कोसळली. त्याने टाळ्या वाजवल्या. चिमणीने मान वळवून आईकडे पाहिलं.

आईचे हात ओट्याच्या कडेला घट्ट चिकटले होते.

“मी सहा लिहितो,” तो हळूच म्हणाला.

“नको.” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, आजार वाढतच जाणार. बारा पावलं पुन्हा... तेवढी तरी खोडू नका.”

त्याने बारा लिहिले. अर्ज नामंजूर झाला. पुढचा अर्ज सहा महिन्यांनी.

दुसऱ्या संध्याकाळी तिने गाडी लावली, तर तो तिथेच उभा. हात रिकामे.

“चाक कुठाय?” चिमणीने विचारलं.

“आज ऑफिस नाही.” त्याने तिला उचललं.

“रोज येणार का असे?” आईने विचारलं.

“एकशे बारा मीटर तर आहे.”

“जाऊन-येऊन दोनशे चोवीस.”

“परत जायचं मी धरलंच नव्हतं...”

तिने ऐकलंच नाही असं दाखवलं. कान मात्र लाल झाले.

तो रोज आला. आणि पावलं कमी होत गेली. आठ. पाच. मग एके दिवशी चिमणीने वॉकर मागायचंच सोडलं. आईने नवा अर्ज भरला. या वेळी तपासणीला तो नाही, जाड चष्म्याच्या एक बाई आल्या. त्यांनी हात पसरले. चिमणी खुर्चीतूनच गोड हसली.

बाईंनी शून्य लिहिलं. “जागा मिळेल हो,” त्या म्हणाल्या. अभिनंदन कुणी केलं नाही.

“आधीचे साहेब... का नाही आले?”

बाईंनी फाइल तिच्याकडे फिरवली. ‘तपासणी करणाऱ्याचे अर्जदाराशी नाते : आहे / नाही.’ त्यातल्या ‘नाही’वर शाईची ठसठशीत रेघ होती.

“असं लिहिलं की फाइल काढून घेतात,” बाई म्हणाल्या. “कुठलं नातं, त्याची ओळ खाली आहे. ती कोरीच. म्हणतो कसा, त्यांना विचारल्याशिवाय कसं लिहू?”

दारासमोर निळे पट्टे ओढले गेले, त्या संध्याकाळी तो रस्त्याच्या कडेला उभा होता. चिमणी तिच्या चाकांच्या खुर्चीत, दारात.

“आता चारच मीटर,” तो म्हणाला. “माझं काम संपलं म्हणायचं...”

“ती ओळ का कोरी ठेवलीत?”

त्याने नुसते हात पसरले.

ती गाडीजवळून निघाली. एकेक पाऊल टाकत.

“एक,” चिमणी मोजू लागली. “दोन... तीन... आई, पडू नकोस हं!”

सातव्या पावलाला ती पोचली. आणि मागे, दारात, चिमणीने जोरजोरात टाळ्या वाजवल्या.