डावऱ्याच्या गाठी

दार नुसतं ओढून घे रे, कडी लावू नकोस. वॉर्डातून हाक आली तर ऐकू यायला हवी. आणि ती ट्यूब बंद कर, पॅसेजमधला उजेड पुरे आहे आपल्याला. हां, आता सांगा, तुमच्यापैकी कोणाला दुसऱ्याच्या हाताचा हेवा वाटलाय? हसू नका. सर्जन व्हायला निघालात, तेव्हा वाटणारच. मी जन्मभर लहान मुलांना भूल दिली. भूल देणारा टेबलाच्या डोक्याशी बसतो आणि सगळ्यांचे हात बघत राहतो. आज सांगतो ते मात्र मी पाहिलेलं नाही. ज्याच्यावर गुदरलं, त्यानेच माझ्यासमोर बसून सांगितलं, मध्ये मध्ये पाणी मागत. शेवटचं तेवढं मी पाहिलं.

नोव्हेंबरातला मंगळवार, रात्रीचे सव्वाअकरा. आमचा राजे घरातून निघाला. बायकोला म्हणाला, "भिंगाचा चष्मा लॅबमध्ये राहिलाय, घेऊन येतो."

ती म्हणाली, "उद्या घ्या की. चष्म्याला काय पाय फुटणारेत?"

"सकाळी लागेल," म्हणाला आणि चपला घातल्या. चष्मा त्याच्या कोटाच्या खिशातच होता.

राजे हे नाव आम्ही पाडलेलं. माणूस मुलांच्या इस्पितळातला मोठा सर्जन, हुशार, कष्टाळू, पण ऐट अशी की टेबलावर नुसता तळहात पुढे करायचा आणि म्हणायचा, "कात्री." बघायचा नाही. सिस्टरने ती चट्कन हातात ठेवलीच पाहिजे. ही सवय घरापर्यंत गेली होती. एकदा जेवताना ताटावरची नजर न काढता हात पुढे करून म्हणाला, "मीठ." बायको म्हणाली, "मी तुमची सिस्टर नाही. डोळे उघडा, समोरच आहे." पोरं आठवडाभर एकमेकांना मीठ मागत हिंडत होती.

आणि दुसरा होता डावऱ्या. डाव्या हाताने शिवायचा म्हणून डावऱ्या. दोघं एकाच सरांच्या हाताखाली तयार झाले, एकाच खोलीत राहिले, एकमेकांचे शर्ट घातले. पुढे दोघांनी एकच प्रश्न हातात घेतला. काही बाळं अन्ननलिका तुटलेली घेऊनच जन्माला येतात. वरचं टोक वर बंद, खालचं टोक खाली, मध्ये काहीच नाही. दूध सोडा, लाळसुद्धा पोटात जात नाही. ही दोन टोकं छातीला मोठा छेद न देता, बारीकशा भोकांतून, कॅमेऱ्यात बघत जोडायची, आणि जोड पाझरू द्यायचा नाही. सांगायला सोपं आहे. पाझरला तर बाळाच्या छातीत पू होतो, आणि मग आपण सगळे नुसते उभे राहतो.

टाके घालायची राजेची एक रीत होती, डावऱ्याची दुसरी. कुठली चांगली, हे बाळांवर करून बघायचं नव्हतं ना! म्हणून रबराच्या नळ्या आणल्या, बाळाच्या नळीएवढ्याच. संध्याकाळी दोघांनी आपापल्या नळ्या मधून कापून पुन्हा शिवायच्या आणि भिंतीवरच्या खुंट्यांना टांगून जायचं. नळीवर नाव नाही, फक्त आकडा, म्हणजे तपासणाऱ्या ताईंना कोणाची ते कळू नये. सकाळी ताई त्यांत निळं पाणी दाबाने भरायच्या आणि थेंब कुठून येतो ते बघायच्या. पण सर्जनला आकडा कशाला लागतो? डावऱ्याची गाठ उलट्या अंगाने बसायची. राजेला ती दारातून ओळखू यायची.

राजेची नळी कधीमधी पाझरायची. डावऱ्याची कधीच नाही.

इथून राजेच्या पोटात दुखायला लागलं. आधी थोडं, मग रोज. डावऱ्या बिचारा साधा. "अरे, तुझी पकड माझ्यापेक्षा चांगली आहे," असं मनापासून म्हणायचा, आणि राजेला वाटायचं, हा मला भीक घालतोय. सिस्टर डावऱ्याच्या ऑपरेशनला आनंदाने जायच्या. बऱ्या झालेल्या पोरांच्या आया त्याला फोटो पाठवायच्या. राजेच्या स्वतःच्या मुलीने शाळेत सांगितलं होतं, मला मोठेपणी काकांसारखं डॉक्टर व्हायचंय. काकांसारखं! बाप समोर बसलाय.

मग ऑक्टोबरात डावऱ्या गेला. जिना चढताना दम लागला म्हणून पायरीवर बसला, तो उठलाच नाही. राजे रडला, खोटं रडला नाही. पण त्याने मला सांगितलं, "बातमी कळली तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटलो'."

कुठला सुटतोय! जिवंत माणसाशी निदान बरोबरी तरी करता येते. मेलेला चुकत नाही, म्हातारा होत नाही. ज्याच्या त्याच्या तोंडी डावऱ्याचंच, "सर असते तर..." राजेची बायको दोन दिवस डोळे पुसत होती. राजे मला म्हणाला, "मला ताप आला तेव्हा हिने गोळी दिली आणि टीव्ही लावला." मेलेल्या माणसावर जळत होता तो. त्याला लाज वाटत होती, आणि तरी जळत होता.

आता ऐका. डावऱ्या गेल्यापासून तपासणी थांबली होती, त्याने शिवलेल्या शेवटच्या नळ्या अजून खुंट्यांवरच होत्या. बुधवारी सकाळी शेवटची तपासणी होती. जी रीत टिकेल ती गुरुवारी एका बाळावर वापरायची, आणि पुढे तीच सगळीकडे शिकवायची. ते बाळ खिडकीजवळच्या खाटेवर होतं. मुलगी. जन्मल्यापासून एकदाही तोंडाने दूध प्यायली नव्हती, पोटात घातलेल्या नळीतून जगत होती. तिची आई राजेला रोज तेच विचारायची, "डॉक्टर, मी हिला पाजणार कधी?"

राजेला हे सगळं माहीत होतं. आपली रीत पाझरू शकते हेही माहीत होतं. तरी तो त्या रात्री डावऱ्याच्या नळ्यांना भोकं पाडायला निघाला होता. हो, ऐकलंत ते बरोबर ऐकलंत.

लॅब तिसऱ्या मजल्यावर, टोकाला. रखवालदाराने सलाम केला, "साहेब, इतक्या उशिरा?" "चष्मा," राजे म्हणाला. वर गेला, दार आतून लावलं आणि टेबलावरचा एकच दिवा लावला. डावऱ्याच्या नळ्या ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही. पहिली काढली, चिमट्यात धरली, चष्मा चढवला आणि भिंगाखाली टाके पाहिले.

सुंदर होते. त्याला तिथेच रडू यावं इतके सुंदर होते.

दात खाऊन त्याने दोन टाक्यांच्या मध्ये सुई खुपसली. काढली. रबर पुन्हा मिटलं. पुन्हा खुपसली. पुन्हा मिटलं. सुईने काही होईना. कपाळावर घाम आला, तो बाहीने टिपला. नजर भिंगात, डावा हात नळीवर. आणि वर्षानुवर्षांची सवय... त्याने उजवा तळहात बाजूला पुढे केला. न बघता.

"ब्लेड."

हातात ब्लेड पडलं.

चट्कन. जसं पडायला हवं तसं. मूठ तळहातात, पातं बाहेर, अगदी बेताच्या जोराने.

त्याने ते टाक्यांपर्यंत नेलंसुद्धा. मग हात थांबला.

खोलीत... कोणी नव्हतं.

दार त्याने स्वतः लावलं होतं. सिस्टर नव्हती. कोणीच नव्हतं. भिंगातून त्याला फक्त नळी दिसत होती, आणि नळीच्या पलीकडे अंधार. मान वळवायची हिंमत होईना. उजव्या बाजूला... अगदी कोपराशी... कोणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत नव्हता. पण जागा भरलेली होती.

"कोण?"

...

"सिस्टर?"

...

ब्लेड हातात उलटलं कसं, त्याला कळलं नाही. भीतीने मूठ आवळली गेली, एवढंच. पातं तळहातात रुतलं. रक्त टेबलावर ठिबकायला लागलं. तेवढ्यात दिवा गेला.

मग त्याच्या मनगटाला कोणीतरी धरलं. हळूच. मूठ उघडली. एक बोट... दुसरं बोट...

त्याने ओरडायला तोंड उघडलं.

आणि मग तो आवाज आला. तुम्ही रोज ऐकता तो. सुई धरायचा चिमटा मिटतो ना... कट्.

कट्.

थांबून... कट्.

दोरा ओढल्याचं कळत होतं. दुखत नव्हतं. अजिबात नाही.

कट्...

...

दिवा आला.

मी त्या रात्री खाली ऑपरेशन थिएटरात ड्यूटीवर होतो. दार धाडकन उघडलं आणि राजे आत आला. चेहरा पांढराफटक. त्याने हात पुढे केला. मी आधी रक्त धुतलं आणि मग पाहिलं. तळहाताच्या मधोमध लांब जखम, आणि ती शिवलेली. इतके बारीक, इतके सारखे टाके की मी क्षणभर बघतच राहिलो. गाठी उलट्या अंगाने बसलेल्या.

"कोणी शिवलं?" मी विचारलं.

त्याने मान हलवली.

"भूल न देता? दुखलं नाही?"

"नाही." मग पाणी मागितलं आणि मला सगळं सांगितलं. चष्म्यापासून 'सुटलो'पर्यंत, काही न लपवता.

सकाळी ताईंनी नळ्या भरल्या. डावऱ्याची एकही पाझरली नाही, राजेने सुई खुपसली होती तीसुद्धा. राजेच्या दोन पाझरल्या. गुरुवारी राजेला ऑपरेशन करता येणार नव्हतं, हात तसा होता. म्हणून त्याच्या हाताखालची शिकाऊ सर्जन पुढे झाली आणि राजे तिच्या मागे उभा राहून डावऱ्याची रीत सांगत राहिला. "आता कडेचा. घाई नको. आता मागचा." मी डोक्याशी बसलो होतो. त्याच्याइतकी ती रीत कोणाला पाठ नव्हती. हेव्याने माणूस किती बारीक बघतो, ते मला त्या दिवशी कळलं.

जोड टिकला. काही दिवसांनी बाळाच्या आईने तिला पहिल्यांदा पाजलं. पोरगी इतकी अधाशी प्यायली की सिस्टर हसायला लागल्या. राजे दारात उभा होता, आत गेला नाही. आई म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या हातांनी..." तो घाईने म्हणाला, "माझ्या नाही, बाई. माझ्या नाही."

इथे गोष्ट संपायला हवी होती.

जखम भरली तसा राजे टाके काढायला माझ्याकडे आला. मी एकेक गाठ उचलली, कापली, दोरा ट्रेमध्ये टाकला. त्याचा तळहात मोकळा झालेला मी पाहिला. तो घरी गेला, झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला. मूठ टेबलावर ठेवली, उघडली.

टाके होते.

जखम नव्हती. शिवायला काही उरलंच नव्हतं. धडधाकट कातडीवर, त्याच जागी... नवे टाके. उलट्या गाठी.

मी कात्री घेतली. म्हटलं, "काढू?"

त्याने खिशातून भिंगाचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि आपला हात जवळ घेऊन बघत बसला. मला वाटलं, घाबरलाय. घाबरला नव्हता. त्याची ती नजर मला ओळखीची होती. पोटात दुखत होतं त्याच्या, अजूनही.

"राहू दे," तो म्हणाला. "बघून बघून शिकेन."

त्याने पुन्हा ऑपरेशन केलं नाही. तुमच्यासारख्यांना शिकवतो. आणि टाके अजून त्याच्या हातात आहेत.