आधी विचारा

त्या घरात सुताराचा फायदा तो काय होणार होता? दारापुढच्या तीन पायऱ्यांवर लाकडी रॅम्प घालायचा, म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि नशीब जोरावर असलंच तर एक कप चहा. एवढीच माफक आशा धरून, कानावर पेन्सिल खोचून तो दारात उभा राहिला... आणि आल्या आल्या त्याची मुलाखतच सुरू झाली.

"बसा. कुणाला उचलून खुर्चीत बसवलंय कधी?" बॅटरीच्या व्हीलचेअरमधून तिनं विचारलं.

"माणसाला नाही... कपाटं उचललीत."

"कपाट ओरडत नाही. बरं, माझ्या हातातून चमचा पडला. काय कराल?"

"तुम्ही काय म्हणताय ते बघेन."

तिनं मान वर केली. सकाळपासून तिघीजणी येऊन गेल्या होत्या. एक म्हणाली, उचलून देईन. दुसरी म्हणाली, मीच भरवेन. तिसरीच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. चमच्याची मालकीण कोण, हे एकीलाही सुचलं नव्हतं.

"पगाराची अपेक्षा?"

"पगार? मॅडम, मी तर फुटावर घेतो."

"फुटावर?"

आतून सकाळच्या मदतनीस मावशींचं हसू फुटलं. "अगं ताई, हा रॅम्पवाला सुतार! संध्याकाळच्या कामाची बाई पाचला यायचीय!"

ती कानापर्यंत लाल झाली. तो मात्र टेप काढून शांतपणे म्हणाला, "पास झालो का, तेवढं सांगा."

"नापास. कपाटाचा अनुभव चालत नाही."

ती पुस्तकांची मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा पोटापाण्याचा धंदा, आणि आपलं घर आपल्या शब्दावर चालवणं हा हट्ट. पाय साथ देत नव्हते, हात जेमतेम. पण सकाळी उठवायला कोण येणार, उशी कुठं लावायची, कप कुठल्या बाजूनं धरायचा, हे तीच ठरवी. मदतनीस तीच निवडे, तीच शिकवे. कामात कुचराई केली तर खडसावेही तीच. स्वयंपाकघरात खिळ्याला एक वही टांगलेली होती, आणि तिच्यात पहिला नियम लाल शाईत होता : हात द्यायचा असेल तर आधी विचारा.

सुतारानं पाणी पिता पिता तो वाचला आणि मनावरच घेतला.

"मॅडम, पायरी मोजू का?"

"मोजा."

"इथे ठोकू का?"

"ठोका."

"तुमच्याकडे बघू का?"

"...लाकडाकडे बघा. बोट चेचेल."

दोन दिवसांचं काम नवव्या दिवशीही संपेना. मावशी चहा देताना म्हणाल्या, "रॅम्प बांधतोयस की पूल?"

तिनं त्याचं दरपत्रक पुढं केलं. एका शब्दाभोवती लाल गोल होता. "हे काय? 'दोन दीवस'? दिवसातला दि ऱ्हस्व असतो."

"काम लांबणार हे ठाऊक होतं," तो रंधा मारत म्हणाला, "म्हणून दीर्घ लिहिला."

हसू दाबायला तिनं कागद तोंडासमोर धरला. कागद थरथरला, तो अशक्त हातांमुळेच, असं तिनं स्वतःला बजावलं.

दहाव्या दिवशी रॅम्प झाला, आणि त्याच दुपारी तिच्या थोरल्या भावाचा, दादाचा फोन आला. दोघांचं जुळतंय ही बातमी मावशींकडून गेली होती, अर्थात मीठमसाला लावून.

"उत्तम झालं! घरातलाच माणूस मिळतोय म्हटल्यावर दोन-दोन बाया कशाला पोसायच्या? टाक काढून!"

मावशींना ती बिनदिक्कत म्हणे, पाणी गार आहे, पुन्हा आणा. प्रेमाच्या माणसाला हे कितीदा म्हणायचं? आणि एखाद्या सकाळी तो रुसला तर? ज्याला कामावरून काढता येत नाही, त्याच्या हाती आपली सकाळ द्यायची तरी कशी?

पैसे न्यायला तो आलाच नाही. तीन दिवस तिनं वाट पाहिली. चौथ्या दिवशी पाकीट मांडीवर घेतलं आणि रॅम्पवरून खाली उतरली... एकटी, पहिल्यांदाच. पैसे टेकवायचे आणि विषय मिटवायचा, एवढंच ठरवून.

त्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. खुर्ची सरळ आत गेली. ओल्या लाकडाचा वास, पायाशी भुसा, आणि रंधा हातात तसाच धरून थिजलेला तो. खुर्ची अडखळल्याशिवाय आत आली कशी, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. तिनं मागे वळून पाहिलं. दाराला उंबरठाच नव्हता. कापल्याची खूण अजून पांढरी होती.

"हा कधी काढलात?"

"मुलाखतीच्या संध्याकाळी."

"एवढी खात्री होती, मी येईन म्हणून?"

"खात्री कसली... पण आलाच असतात आणि बाहेर थांबावं लागलं असतं तर—"

पाकीट मांडीवरच राहिलं. तिनं आवाज कोरडा ठेवायची शिकस्त केली.

"हे बघा. माझ्या मदतनीस कायम राहतील. सकाळी मावशी, संध्याकाळी ती पाच वाजता आलेली चष्मेवाली. त्यांचं काम तुम्ही करायचं नाही."

"मी कुठं मागितलं? मी तर नापास आहे."

"मग काय हवंय?"

त्यानं तळवे अंगातल्या शर्टाला पुसले, पुन्हा पुसले. "वहीत पहिला नियम आहे... हात द्यायचा असेल तर आधी विचारायचं. बरोबर?"

"हो."

"मला द्यायचा नाहीये. मागायचाय... विचारू का?"

तिनं सवयीनं त्या वाक्यात चूक शोधली. एकही सापडेना.

"विचार," ती म्हणाली. वहीतल्या 'विचारा'मधला शेवटचा काना आज तिनं मुद्दामच गाळला होता.

आता जमाखर्च. रॅम्पचे पैसे पै न् पै तिनं दिले आणि त्यानं मुकाट्यानं घेतले. मदतनिसांचा पगार तिच्याच हातून जात राहिला, मावशींचा तर वाढून. दादाचा फुकटचा सल्ला फुकटच गेला. राहता राहिले ते दोघं. त्याचा गेला एक उंबरठा, तिचा एक काना, आणि दोघांपैकी कुणीही आपला परत मागितला नाही.